उजवीकडून सुरू होणारी गाणी

मी नगरला घरीच डीटीपीचं काम करते. नवरा सकाळी सुप्याला एमआयडीसीत जातो आणि मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर चालू करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दुकानांची पत्रकं, हे माझं नेहमीचं काम. उर्दूशी संबंध आला तर एवढाच, की एखाद्या पत्रिकेत वर एक ओळ हवी असायची. ती तयार चित्रासारखी मिळायची, मी नुसती चिकटवायचे.

मग शेवगावहून एक बाई आल्या. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. घरी दख्खनी बोलायच्या, पण सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे उर्दू वाचायला त्यांना जड जायचं. नात्यातल्या बायका लग्नात ढोलक घेऊन जी गाणी म्हणतात, ती त्यांनी कित्येक वर्षं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. त्याचं पुस्तक करायचं होतं. एका पानावर गाणं मराठी अक्षरांत, समोरच्या पानावर उर्दूत. शिवाय मोबाईलवर उघडेल अशी प्रतही हवी होती, आणि त्यात गाण्याच्या नावाला बोट लावलं की गाणं ऐकू यायला हवं होतं.

“नुसतं छापलं तर चाल कशी कळणार हो ताई?” त्या म्हणाल्या.

उर्दू मजकूर त्यांच्या भाभींनी टाईप केला होता. भाभी उर्दू शाळेत शिकलेल्या. मोबाईलवर एका बोटाने त्यांनी सगळी गाणी उतरवून काढली होती. मी तो मजकूर माझ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, पानं लावली आणि प्रिंट काढून ठेवली. मला ती छानच दिसत होती.

पुढच्या खेपेला भाभीही आल्या. पान हातात घेऊन हसायलाच लागल्या. “ह्ये समदं उलटं चाललंय की! आन् अक्षरं अशी सुटी सुटी का? उर्दूत अक्षराला अक्षर जोडून असतं.”

त्यांनी वहीच्या कागदावर एक शब्द लिहून दाखवला. उजवीकडून निघालेली रेघ वळणं घेत डावीकडे खाली उतरली. मग मी शोधाशोध केली. उजवीकडून चालणाऱ्या लिप्यांसाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय होती, ती कधी चालूच केली नव्हती. ती चालू केल्यावर अक्षरं जुळली. कंस मात्र उलटे तोंड करून बसले आणि ओळीत मराठी शब्द आला की पूर्णविराम भलतीकडे पळायचा. एकेक करून तेही मार्गी लावलं. भाभी बाजूच्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, मी बदलत होते.

मग लिंका दिल्या. उर्दू अनुक्रमणिकेत एका ओळीत तीन-तीन गाण्यांची नावं होती. मराठी यादीचा क्रम धरून प्रत्येक नावाला त्याच्या रेकॉर्डिंगची लिंक जोडली. तपासताना प्रत्येक नावाला बोट लावलं. गाणं वाजलं की पुढचं नाव. उर्दू नाव वाचता येत नसल्याने त्याचंच गाणं वाजतंय का, हे मला कळायचा प्रश्नच नव्हता.

प्रत बघायला दोघी आल्या तेव्हा मी चहा टाकत होते. भाभींनी मोबाईलवर अनुक्रमणिका उघडली आणि मेंदीच्या गाण्याच्या नावाला बोट लावलं. आतून मला ढोलक ऐकू आली, मागोमाग एका बाईचा जाडसर, मोकळा आवाज. मी बाहेर येऊन पाहते तर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

“ही आपा,” त्या म्हणाल्या. “माझी थोरली बहीण. करोनात गेली.”

ते पाठवणीचं गाणं होतं. आपा गेल्यानंतर घरात ते कुणी लावलं नव्हतं. पुस्तकात घ्यायचं म्हणून फाईल मला पाठवली होती, तीसुद्धा न ऐकता.

मी घाईने म्हणाले, “बंद करते.”

“ऱ्हाऊ द्या,” भाभी म्हणाल्या. “मधीच तोडू नका.”

गाणं संपेपर्यंत आम्ही तिघी तशाच होतो. शेवटी आपा खोकल्या आणि कुणाला तरी पाणी मागून हसल्या, तेही रेकॉर्ड झालं होतं. बाईंनी पदराने डोळे पुसले. भाभींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “आता ह्ये बगा. मी मेंदीवर बोट ठिवलं हुतं. पाठवणी कशी लागली?”

शोधलं तेव्हा कारण सापडलं. सॉफ्टवेअर शब्द उजवीकडून मांडत होतं, पण लिंकेची न दिसणारी चौकट डावीकडून मोजून ठेवत होतं. मधलं नाव बरोबर, कडेची दोन्ही एकमेकांच्या जागी. खूप खटपट केली, जमेना. शेवटी मी सगळ्या लिंका काढून टाकल्या आणि प्रत्येक नावावर हाताने चौकट आखून तिला लिंक द्यायचं ठरवलं.

पण आता नुसत्या क्रमावर भरवसा नव्हता, कोणत्या नावावर कोणती, हे कळायला वाचता यायला हवं. “शिकवते की,” भाभी म्हणाल्या. त्या येत राहिल्या आणि मी अक्षरं ओळखायला शिकले. पूर्ण वाचन नाही, पण ‘मेंदी’ कुठे आणि ‘हळद’ कुठे एवढं कळायला लागलं.

आपांच्या गाण्याबद्दल बाई म्हणाल्या, “तिच्या गाण्याचं नाव एका ओळीत एकटंच ठेवा. ज्याला ऐकायचं त्यानं ठरवून ऐकावं.” तसं केलं. माझ्या दृष्टीनेही ते सोपं होतं, एका ओळीत एकच लिंक असली की अदलाबदल व्हायची भीती नाही.

पुस्तक छापून झालं, मोबाईलची प्रतही नातेवाइकांत गेली. नंतर बरेच दिवस मला फोन येत होते. कुणाच्या मोबाईलवर लिंक उघडेना, कुणाला बोट कुठे लावायचं ते समजेना. संगमनेरच्या एक आजी तर रोज फोन करायच्या. मी सांगायचे, “उजवीकडून पहिलं नाव, त्याच्यावर बोट टेकवा.” मग फोनमधूनच मला ढोलक ऐकू यायची आणि आजी फोन ठेवायचं विसरून गाणं म्हणायला लागायच्या.