फकिराची शुगर

औरंगपुऱ्यातलं मल्हाररावांचं मेडिकल जुनं. गोळी कधी आणि कशासोबत घ्यायची हे गिऱ्हाइकाला पटवून दिल्याशिवाय ते पुडी सोडत नसत. चिठ्ठी नसताना झोपेची गोळी मागायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवत. अशा माणसाच्या हातून जे घडलं ते आळसानं नव्हे, भीतीनं घडलं.

गेल्या दिवाळीत शेजारचं कापडाचं दुकान शॉर्ट सर्किटनं जळालं. मल्हाररावांच्या भिंतीला नुसती धग लागली, पण त्यांच्या मनातून ती गेली नाही. तेव्हापासून रोज दुकान वाढवताना ते मेन स्विच खाली ओढत आणि मगच शटर पाडत. सकाळी स्विच वर केला की औषधांचा फ्रिज घरघरायला लागे, गिऱ्हाइकं येईस्तोवर गारही होई. थंडीच्या दिवसांत कुणाला काही जाणवलं नाही.

मग उन्हाळा लागला.

कन्नडचा फकिरा हा मल्हाररावांचा लहानपणचा सोबती. दोघं चौथीपर्यंत एका बाकावर होते. पुढं फकिरा मेंढरांमागं गेला आणि मल्हारराव शहरात आले. मधुमेह झाल्यापासून फकिरा इन्सुलिन न्यायला एसटीनं इथंच यायचा, बर्फाचा थर्मास घेऊन. कन्नडला चार दुकानं असताना एवढी ये-जा कशाला, असं त्याला लोक विचारत. तो नुसता हसे.

यंदा त्याची शुगर उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला. पायाच्या करंगळीला काटा लागून झालेली जखम चिघळली. रिपोर्ट बघून मल्हारराव काउंटरवरच त्याच्यावर बरसले. रानात कोण बघतंय म्हणून गूळ चोखत असशील, म्हणाले. आपण चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, असं फकिरानं सांगितलं, पण त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. दुकानात गर्दी होती. फकिरानं थर्मास उचलला आणि मान खाली घालून तो निघून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मल्हाररावांना शेंद्र्याला एका लग्नाला जायचं होतं. दुकानाच्या किल्ल्या त्यांनी विशाखाकडं दिल्या. ही त्यांच्याकडं नोकरीला असलेली फार्मासिस्ट मुलगी, कमी बोलणारी. तिनं शटर उघडलं तर आत अंधार होता आणि फ्रिजखाली पाणी साचलं होतं. दुपारी मालक आल्यावर तिनं विचारलं, रात्री मेन तुम्ही बंद करता का.

"व्हय, मीच करतो," मल्हारराव म्हणाले. आपण केवढी काळजी घेतो, असाच त्यांचा सूर होता.

विशाखानं वाद घातला नाही. फ्रिजमधला माल तिनं बर्फाच्या पेटीत हलवला आणि रिकाम्या फ्रिजमध्ये दिवस-रात्रीचं जास्तीत जास्त तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर ठेवला. एक रात्र नेहमीसारखंच करा, म्हणाली. सकाळी मल्हाररावांनी स्वतः दार उघडून पाहिलं. तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवं होतं, ते तेहतीसवर गेलं होतं. फ्रिज जुना, दाराचं रबर सैल झालेलं. कॉलेजात पाठ केलेले ते दोन आकडे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

फकिराची जखम यानंच चिघळली असं छातीठोक सांगता येणार नाही, असं विशाखा म्हणाली. मल्हाररावांना ते ऐकायचं नव्हतं. सगळं इन्सुलिन त्यांनी विक्रीतून काढलं. नेलेली बाटली वापरू नका, असं एकेकाला फोन करून सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. फकिराचा फोन काही लागेना, तेव्हा दुसऱ्या दुकानातली नवी बाटली बर्फात घालून त्यांनी कन्नडची एसटी धरली.

फकिरा ओसरीवर पाय लांब करून बसला होता. पायाला पट्टी होती. त्याची बायको बानाबाई शेंगा निवडत होती. मल्हाररावांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मेन स्विचपासून सगळं सांगितलं आणि म्हणाले, "गड्या, चूक माझ्या फ्रिजची होती. बोल मात्र तुला लावला."

फकिरा बायकोकडं बघत राहिला. तीसुद्धा उन्हाळाभर त्याच्यावर चोरून खाण्याचा आळ घेत होती. "ऐकलंस? मी खोटं बोलत नव्हतो," एवढंच तो म्हणाला.

नवी बाटली मल्हाररावांनी लगेच त्याच्या हाती दिली नाही. वाढलेल्या डोसनं चांगलं इन्सुलिन गेलं तर शुगर एकदम कोसळेल, हे ते जाणून होते. त्याला घेऊन ते आधी डॉक्टरांकडं गेले, तिथंही सगळं कबूल केलं आणि डोस कमी करून घेतला. पुढच्या महिन्यात शुगर उतरली. करंगळी मात्र वाचली नाही, काढावी लागली. मल्हारराव दवाखान्यात रोज जात. दोघं फारसं बोलत नसत.

दुकानात फ्रिजसाठी वेगळी लाइन आली, नवा फ्रिज आला. विशाखा रोज दोनदा तापमान लिहिते. मल्हाररावांना आगीची भीती अजून वाटते. आता ते तिच्याजवळ तसं बोलून दाखवतात.

फकिरा पावसाळाभर कन्नडलाच औषध घेत होता. दसऱ्यानंतर एक दिवस तो काठी टेकत दुकानात आला, सोबत कडूबा नावाचा त्याचा शेजारी होता. त्यालाही नुकतंच इन्सुलिन लागलं होतं.

"ह्याला इथूनच देत जा," फकिरा मल्हाररावांना म्हणाला, आणि कडूबाकडं वळून, "चुकला तर घरी येऊन सांगतो हा माणूस."

मल्हाररावांनी कडूबाला बसायला स्टूल दिलं आणि सुई कुठं नि कशी टोचायची ते पहिल्यापासून समजवायला घेतलं.