एका सीटची येझदी

गौतमीनं वडिलांची चाकाची खुर्ची दारातून अंगणात आणली, चाकांना विटा लावल्या, त्यांच्या मांडीवरची चादर सारखी केली आणि त्यांचं तोंड बरोबर मोटारसायकलसमोर येईल अशी खुर्ची वळवली. मग लोखंड कापायच्या ग्राइंडरची वायर खिडकीतून आत नेऊन तिनं प्लग लावला.

"बाबा, दिसतंय ना नीट?"

भीमराव वानखेड्यांना बोलता येत नव्हतं. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. समजत मात्र सगळं होतं. येझदीचं मडगार्ड आधीच काढून भिंतीला टेकवलं होतं. गौतमीनं सीटखालच्या नळीवर खडूनं रेघ मारली, तसा त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. गौतमीनं डोळ्यांवर चष्मा चढवला आणि ग्राइंडर चालू केला.

पाच-सात मिनिटांत गाडीचा मागचा सांगाडा फरशीवर पडला. भीमरावांच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळत होतं. तिनं रुमालानं ते पुसलं, अगदी हलक्या हातानं. पुढचं त्यांना स्वच्छ दिसायला हवं होतं.

शेजारचे मुरलीधरजी आवाज ऐकून कुंपणाशी आले होते. "बिटिया, पापा के सामने मत काटो," ते म्हणाले.

"उन्हीं के लिए काट रही हूँ, अंकलजी," गौतमी म्हणाली.

ही गोष्ट २००८ च्या फेब्रुवारीतली, जयपूरच्या हसनपुऱ्यातली. भीमराव मूळचे अकोल्याचे. रेल्वेत फिटर. मीटरगेजच्या छोट्या लाइनीवरून बदली होऊन ते जयपूरला आले, तेव्हा बायको यमुना, दोन पोरं आणि चार ट्रंकांबरोबर ही येझदीही पार्सलच्या डब्यातून आली. स्टेशनावर त्यांनी आधी गाडी उतरवून घेतली, तिला कुठं खरचटलं का ते पाहिलं आणि मग बायकापोरांकडे वळले.

गाडीला हात लावलेला त्यांना खपत नसे. "गाडीले हात नोको लावू," हे वाक्य गौतमीनं लहानपणी जेवढं ऐकलं तेवढं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. यमुनाबाई त्या गाडीवर चार-दोनदाच बसल्या असतील, त्याही चपला हातात धरून, रंगाला ओरखडा नको म्हणून. त्यांची लग्नातली पांढरी साडी फार मऊ होती. टाकी पुसायला असलंच कापड चांगलं, असं म्हणून भीमरावांनी एक दिवस ती टराटरा फाडली आणि फडकी करून खोक्यात ठेवली. यमुनाबाई सहसा बोलतच नसत.

९३ सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी भीमरावांनी अंगणात चादर अंथरून इंजिन खोललं होतं. आत यमुनाबाई पोट धरून गडबडा लोळत होत्या. गौतमी तेव्हा चौदा वर्षांची. ती तीनदा बाहेर आली.

"बाबा, आईले लय दुखते. दवाखान्यात चला ना."

"रिंगा बसवू दे. आता उठलो तर आत धूळ जाईन."

तिसऱ्यांदाही त्यांनी मान वर केली नाही. शेवटी गौतमी अनवाणी पळत मोठ्या रस्त्यावर गेली आणि ऑटो घेऊन आली. अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी यमुनाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाला भीमराव विहारात आले ते त्याच गाडीवरून. कुणीतरी सहज चौकशी केली, तर इंजिन एकदम मस्त बसलं म्हणून त्यांनी सांगितलंही.

ध्रुव तीन वर्षांनी धाकटा. गाडीला हात लावायची मुभा फक्त त्याला होती. त्याला भीमराव पुढं टाकीवर बसवून फिरवत, आणि ही गाडी तुझीच आहे म्हणत. तो शिकायला पुण्याला गेला, तिथंच नोकरीला लागला, लग्न करून तिथलाच झाला. दर रविवारी फोन करायचा. गौतमी आयटीआयमधून फिटर झाली आणि सांगानेरच्या हातकागदाच्या कारखान्यात मशिनांची देखभाल करू लागली. रोज दोन बस बदलून जायची. वडिलांना झटका आला तेव्हा घरात तीच होती, म्हणून त्यांचं हगणंमुतणं काढायचं तिच्याकडेच आलं. ते तिनं चोख केलं. औषधाची एक गोळी कधी चुकली नाही, पाठीला एक जखम झाली नाही.

कारखान्यात इंग्लंडहून कागद घ्यायला येणारा एक व्यापारी एकदा आपलं मोटारसायकलींचं मासिक विसरून गेला. दुपारच्या सुट्टीत गौतमीनं ते चाळलं. त्यात जुन्या गाड्या होत्या, पण सोलून काढल्यासारख्या. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. हँडल पार खाली, पाय ठेवायच्या खुंट्या मागं सरकवलेल्या, आणि मागच्या माणसाची जागा कापून एकट्यापुरती सीट. याला तिकडे कॅफे रेसर म्हणतात. ते फोटो बघताना तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की कापताना केवढा आवाज होत असेल.

पुढचे दोन महिने प्रत्येक रविवारी तिनं वडिलांना अंगणात बसवलं. भीमरावांनी दर महिन्याला पॉलिश केलेले दोन्ही सायलेन्सर तिनं कापून आखूड केले. टाकीचा चेरी रंग, जो त्यांनी कुणाला बोटानंही शिवू दिला नव्हता, तिनं रंग उतरवायचं औषध लावून खरवडला. पोपडे फडक्यात गोळा करून तिनं ते त्यांच्या मांडीवर ठेवले. "घ्या," म्हणाली, "तुमचंच आहे." ते रडायचे, घशातून आवाज काढायचे. तिला बरं वाटायचं. आठवडाभर पुरेल इतकं बरं वाटायचं.

एप्रिलमध्ये तिनं खुंट्या मागं बसवल्या. ब्रेकची कांब नवी करायला लागली. ती घट्ट करत होती, तेवढ्यात भीमरावांचा हात दांड्यावर आपटला. एकदा, थांबून पुन्हा एकदा. हा हात रडतानाच्या हातासारखा नव्हता. तिनं मागं पाहिलं. ते दोन बोटं जवळ आणून दाखवत होते. आखूड कर.

तिनं दुर्लक्ष केलं. गाडी ढकलून ब्रेक दाबला, तर पेडल शेवटपर्यंत खाली गेलं आणि चाक फिरतच राहिलं. पाना काढून तिनं कांब दोन बोटं आखूड केली. ब्रेक लोण्यासारखा लागला.

भीमराव तोंडाच्या चालत्या बाजूनं हसत होते.

त्या दिवशी तिनं त्यांना वेळेआधीच आत नेलं. पण पुढच्या रविवारी कार्ब्युरेटर बसवताना तिचेच डोळे त्यांच्याकडे गेले. त्यांनी बोट फिरवून दाखवलं, अर्धा फेरा. ते बरोबर निघालं. मग हळूहळू ती विचारायलाच लागली. "बाबा, हे असं?" आणि ते बोट हलवायचे, हो किंवा नाही. एकोणतीस वर्षांत बापलेकीत एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. आईची आठवण आली की गौतमीला स्वतःची किळस यायची. तरी रविवारची वाट बघणं काही थांबत नव्हतं. सीटचा मागचा उंचवटा तिनं पत्र्याचा ठोकून केला, तेव्हा भीमराव त्याच्यावरून तळहात फिरवत राहिले, आणि मग तोच तळहात त्यांनी तिच्या मनगटावर ठेवला. तिनं तो काढला नाही.

सप्टेंबरात गाडी झाली. टाकी काळी, बाकी सगळं उघडं लोखंड. पहिल्या किकला धुराचा लोट सोडून ती सुरू झाली तेव्हा भीमराव डोळे मिटून ऐकत होते.

दसऱ्याला ध्रुव आला, एकटाच. अंगणात पाऊल टाकताच थबकला.

"ताई, ही आपली येझदी? तू केलीस?" त्यानं एक चक्कर मारली, परत आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. "मागं बसायला जागाच नाही ठेवलीस पण."

भीमरावांनी कपाटाकडे हात केला. ध्रुवनं कपाटातला पत्र्याचा डबा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी त्यातून गाडीचे कागद काढले आणि ध्रुवच्या हातात ठेवले. तो म्हणाला, "मला?" त्यांनी मान हलवली. मग डाव्या हाताचा अंगठा पुढं केला, ठसा घे म्हणून.

गौतमी त्यांच्या ताटात भात कालवत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आठ महिने मी खपले. माझ्याकडे बघा जरा."

भीमराव ध्रुवकडे बघत राहिले.

"ताई, मतलब, त्यांची इच्छा आहे तर..." ध्रुव चाचरत म्हणाला. "पार्सलनं नेतो मी. चालेल ना?"

"चालेल की," गौतमी म्हणाली आणि वडिलांना घास भरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भीमरावांना आंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. एका पिशवीत त्यांची औषधं, लुंग्या, भांडं, रबरी चादर असं सगळं भरलं. खुर्ची अंगणात आणून गाडीशेजारी उभी केली आणि ध्रुवला हाक मारली.

"बाबांना कुठं नेतेस?"

"तू नेतोयस. गाडी तुझी झाली, तर तिच्या जुन्या मालकालाही घेऊन जा. पंधरा वर्षं आई नाही, दोन वर्षांच्या वर झालं, हे असे आहेत. आता तुझी पाळी."

ध्रुव हसला, मग त्याचं हसू गेलं. "ताई, असं कसं? आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ही दिवसभर ऑफिसात."

"मला नको सांगू. त्यांना सांग. त्यांना सगळं कळतं."

"आत चल, आपण बोलू."

"इथंच. त्यांच्या तोंडाकडे बघून सांग, नेतोस का नाही."

भीमरावांचे डोळे मुलावर खिळले होते. आशेनं चेहरा कसा होतो ते गौतमी बघत होती. खरं तर तेच बघायला तिनं त्यांना एवढं नटवून आणलं होतं. ध्रुव काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. बाबांना आपल्याकडे आणायचा प्रश्नच नाही, असं आदल्या संध्याकाळी तो गच्चीवर बायकोला फोनवर सांगत होता ते तिनं ऐकलं होतं.

ध्रुवनं खाली वाकून वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, पुढच्या वर्षी मोठं घर घेतलं की नक्की. आता जमायचं नाही." आणि मग बहिणीकडे वळून, जरा चिडूनच, "राहू दे गाडी. मला नको."

कागद त्यानं सीटवर ठेवले. दुपारच्या ट्रेननं तो गेला. निघताना पाया पडायला वाकला तर भीमरावांनी आशीर्वादाला डावा हात उचलला नाही.

नंतर ते सव्वादोन वर्षं जगले. गौतमी त्याच येझदीवरून सांगानेरला जाऊ लागली. सिग्नलला लोक गाडीकडे बघायचे, मग चालवणारी बाई आहे हे पाहून पुन्हा बघायचे. रविवारी ती वडिलांना पूर्वीसारखंच अंगणात आणायची. गाडी खोलायची, पाने मांडायची.

"बाबा, क्लच घसरतोय. प्लेटा बदलू की स्प्रिंग?"

भीमराव गाडीच्या वरून, कुंपणापलीकडे बघत बसायचे. डावा हात मांडीवर पालथा पडलेला असायचा. सुरुवातीला तिनं तो उचलून गाडीवर ठेवून पाहिला. तो घसरून खाली यायचा. एकदा तिनं ब्रेकची कांब मुद्दाम चुकीची बसवली आणि त्यांच्याकडे बघत बराच वेळ थांबली. मग स्वतःच काढून नीट केली.

२०११ च्या जानेवारीत, थंडीत, ते झोपेतच गेले. ध्रुव विमानानं आला. तिसऱ्या दिवशी त्यानं गाडीचा विषय काढला, आता तिचं काय करायचं म्हणून. गौतमी भांडी घासत होती. तिनं त्याला बाहेरच्या नळाचं पाणी बंद करायला सांगितलं आणि पुढचं भांडं घासायला घेतलं.