चौधरी मॅडमची दोन सायलेन्सरवाली गाडी

घर एका गावात आणि नोकरी दुसऱ्या गावात असली की माणूस अप-डाउनवाला होतो. आम्ही मध्य प्रदेशातले, बुऱ्हाणपूर ते देडतलाई अप-डाउनवाले. शाळेत पोरं सांभाळायची, घरी आल्यावर पुन्हा पोरं सांभाळायची. आमचं स्वतःचं म्हणून जे काय घडतं ते मधल्या रस्त्यावर. लग्नाच्या पंगतीत कुणी भेटलं तरी तब्येत विचारत नाही, "गाडीचं नवीन काय?" असं विचारतं. एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागून चार रांगेत उभे. म्हणून म्हटलं, एकदाचं सांगूनच टाकते.

गाडीत आम्ही तिघं. गाडी चौधरी मॅडमची. मॅडम गणित शिकवतात, वय छप्पन्न, राहायला बुऱ्हाणपुरातच, बुधवारा पेठेत. पाटील सर आमचे हेडमास्तर. देवमाणूस, पण गाडीचा काटा साठच्या वर गेला की डोळे मिटून घेतात. आणि मी, सुनंदा. सामाजिक शास्त्र शिकवते आणि मला गप्प बसता येत नाही.

*

मॅडम गाडी घेणार म्हटल्यावर आम्हाला वाटलं, घेतील एखादी साधी, गुपचूप चालणारी. त्यांनी आणली लालभडक, ठेंगणी, रुंद चाकांची. दिसायला छोटी, पण आत इंजिन असं की मोठ्या मोठ्या गाड्यांनी बाजूला व्हावं. मागून दोन सायलेन्सर.

पाटील सरांनी नारळ फोडला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागे थांबले. "मॅडम, सायलेन्सर दोन कशाले?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक अपचा सर, एक डाउनचा."

सरांनी मान डोलावली. पुढचे कितीतरी दिवस ते लोकांना तसंच सांगत होते.

*

पुढची सीट हेडमास्तरांची, हा आमच्यातला अलिखित नियम. एका दुपारी घरी येताना सरांना उकडत होतं. समोर बरीच बटणं. सरांनी त्यातलं एक दाबलं. ते एसीचं नव्हतं, स्पोर्टचं होतं, म्हणजे गाडी जास्त जोरात पळवायचं.

नेमका तेव्हाच मॅडमनी पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला पाय दाबला. गाडीचा आवाज एकदम घोगरा झाला आणि आम्ही तिघंही सीटला चिकटलो. सरांच्या मांडीवर उरलेल्या शेवभाजीचा डबा होता. भाजी सरांच्या शर्टावर, शेव माझ्या केसांत. ट्रॅक्टर कधीच मागे पडला होता.

मॅडमनी गाडी कडेला घेतली. सर रुमालानं शर्ट पुसत म्हणाले, "मॅडम, एसी जरा कमी करा. लई जोरात लागून राहिला."

*

केळीच्या दिवसांत पालक काही ऐकत नाहीत. मास्तरीणबाई दारावरून रिकाम्या हातानं गेल्या तर त्यांचा अपमान होतो. एकानं अख्खा घडच आणून दिला. या गाडीची डिकी म्हणजे दोन पर्स आणि एक छत्री. घड काही मावेना. शेवटी पुढच्या सीटवर घड बसवला आणि हेडमास्तर माझ्या शेजारी मागे आले.

आता घडाच्या वजनानं गाडीला वाटलं, पुढं माणूस बसलाय. बेल्ट लावा म्हणून जी पिपाणी सुरू झाली ती थांबेना. मॅडमनी घडाला बेल्ट लावला.

गावात शिरताना चेकिंग होतं. हवालदारानं आधी घडाकडे पाहिलं, मग मागे वाकून सरांकडे पाहिलं. सरांना मागच्या सीटलाही बेल्ट असतो हेच माहीत नव्हतं. हवालदार अगदी कळवळून म्हणाला, "केले को बेल्ट, और गुरुजी को नहीं?"

*

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट खरी सांगते. मला ही गाडी फार आवडायची. वाटेतलं खकनार सोडलं की रस्ता डोंगराला लागतो आणि वळणं सुरू होतात. गावात मॅडम बकरीलासुद्धा वाट देणार, शेपटी हलवेपर्यंत थांबणार. पण तिथं, रस्ता रिकामा आणि समोरचं लांबपर्यंत दिसत असेल, तर त्या सरळ बसायच्या. वळणाच्या आधी ब्रेक, गाडी तिसऱ्या गिअरात, आणि मग गाडी वळणाला अशी धरून जायची की मला खुदकन हसू यायचं. वळण सुटताना त्या पाय दाबायच्या आणि आम्ही अल्लद पुढं फेकल्यासारखे जायचो.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, रोज त्या सात-आठ वळणांची वाट बघायचे. बाकी दिवसात वाट बघावी असं काही नव्हतं.

*

मग मॅडमच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं त्या काठी घेऊन रुजू व्हायला निघाल्या, पण डॉक्टरांनी क्लच दाबायला अजून दोन महिने मनाई केली. मुलगा निखिल पुण्याहून आला आणि त्यानं फर्मान काढलं, गाडी विकायची. खकनारच्या एका केळीवाल्याला ती हवीच होती.

मी भेटायला गेले तेव्हा मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. निखिल सांगत होता, "आई, उभ्या गाडीचा काय उपयोग? चालवणार कोण?"

मॅडम मुलाशी वाद घालत नाहीत. नवरा गेल्यापासून तोच एक आहे. त्या खाली बघत होत्या. इतकी हुशार, तिखट बाई, आणि चेहरा असा की मला बघवेना. गाडी गेली तर ही बाई घरात बसणार, हे मला लख्ख दिसलं.

"मी चालवते," मी म्हणाले.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही बघितलं असतं. लायसन्स काढून वीस वर्षं झाली होती आणि तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी शेजाऱ्यांचं फाटक पाडलं होतं.

निखिलनं महिन्याची मुदत दिली. महिनाभर गाडी रोज नीट शाळेत गेली-आली तर ठेवायची, नाहीतर केळीवाल्याला.

*

पहिल्या दिवशी चौकात गाडी पाच वेळा बंद पडली. मागे हॉर्नची नुसती जत्रा. एक रिक्षावाला उतरून आला, "मॅडमजी, धक्का दूं क्या?"

शेजारून मॅडम म्हणाल्या, "धक्का नहीं भैया, दुआ दो."

त्यानं खरंच हात वर केले. सहाव्यांदा गाडी सुरू झाली.

क्लच जमला, पण वळणं जमेनात. कडेला दगड दिसला की माझी नजर त्याच्यावरच, आणि गाडी हळूहळू तिकडंच.

"कुठं बघतेस?" मॅडमनी विचारलं.

"दगडाकडे."

"का? ओळखीचा आहे?"

मी चिडले. म्हटलं, "घ्या तुमची गाडी." त्यांनी काठी आपटली. "सुनंदा, जिथं जायचंय तिथं बघ. वळण जिथं संपतं तिथं. हात आपोआप जातात."

मला वाटलं, हे सगळं बोलायला सोपं. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी वळणाच्या टोकाकडे बघितलं, आणि गाडी गेली. रेघ मारल्यासारखी गेली. मला रडू आलं. मॅडमनी नुसता रुमाल पुढं केला आणि म्हणाल्या, "पूस. पुढचं वळण डावं आहे."

*

मुदतीचा शेवटचा शनिवार. निखिल आला होता. म्हणाला, "मी येतो शाळेपर्यंत, बघतो." मागे पाटील सरांच्या शेजारी बसला. निघाल्यापासून त्याच्या सूचना सुरू. मावशी, हळू. मावशी, ट्रक. मावशी, इंडिकेटर. खकनारपर्यंत तेच. तिथं त्याला फोन आला. केळीवालाच होता. निखिल म्हणाला, "हां भैया, शाम को घर आ जाओ, फाइनल कर लेंगे."

म्हणजे यानं ठरवूनच टाकलं होतं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला असा संताप आला! म्हटलं, जायचीच असेल तर एकदा नीट चालवून तरी घेते.

पुढं रस्ता रिकामा होता. मी सरळ बसले. पहिल्या वळणाआधी ब्रेक, तिसरा गिअर, नजर टोकावर, आणि सुटताना पाय दाबला. गाडीनं जी ओढ घेतली, वा! दुसरं वळण, तिसरं. मागे निखिल आहे हेच मी विसरले. शाळा, घर, मुदत, सगळं विसरले. हातात गाडी होती आणि समोर रस्ता, आणि मला आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं वाटत होतं. शेजारी मॅडम गाडीबरोबर डावी-उजवी झुकत होत्या आणि त्यांचा डावा पाय माझ्याबरोबर क्लच दाबत होता.

शाळेच्या फाटकात गाडी उभी केली. पाटील सरांनी डोळे उघडले. मॅडम काठी टेकवत उतरल्या आणि म्हणाल्या, "तिसऱ्या वळणाला ब्रेक उशिरा सोडलास."

निखिल उतरला, हापशाशी गेला, तोंडावर पाणी मारलं आणि तिथल्याच दगडावर बसला. चेहरा पांढराफटक. बराच वेळ तो आईकडे बघत होता. मॅडम गाडीच्या टपावर हात ठेवून हसत होत्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि केळीवाल्याला लावला.

"हां भैया, माफ करना, गाडी नहीं बेचनी... नहीं नहीं, पैसों की बात नहीं है... पक्का... और भैया, आप तो इधर के ही हो ना? यहाँ से बुरहानपुर की बस कितने बजे मिलती है?"