तुटकी फळी

रविवारी दुपारी बंगळुरूत कोरमंगलाच्या आमच्या पीजीच्या गच्चीवर आम्ही फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळायचो. गोष्ट रंगवायची शेजारची अक्का. तिच्या गोष्टीत मी जादूगारीण आणि माझी रूममेट तलवारवाली. माझ्या मायेचा नियम अक्कानं पहिल्याच दिवशी बजावला होता: माया दिसते, ऐकू येते, पण कुणाचं वजन पेलत नाही.

एकदा राक्षस आमच्या मागे लागला आणि पुढे दरी आली. मी दरीवर मायेचा पूल उभा केला. आम्ही झुडपात लपायचं आणि राक्षसानं पुलावर पाय ठेवून खाली जायचं, असा बेत होता. मला थातुरमातुर काम मुळीच खपत नाही. मी पुलाला शेवाळलेले दोर दिले, करकर आवाज दिला, मधली एक फळी मुद्दाम तुटकी ठेवली. ऐकूनच रूममेटच्या अंगावर काटा आला.

“सरी, ठीक आहे,” अक्का तिच्या कानडी वळणानं म्हणाली, “राक्षस आला. काय करता?”

“पळतो! पुलावरून!” आम्ही दोघी एकदम किंचाळलो.

अक्कानं हसू दाबत विचारलं, “नक्की?”

“नक्की!” मी म्हणाले. “फक्त त्या तुटक्या फळीवर पाय देणार नाही.”