बापानं पेटीवर ठेवलेला रुपया

नातीनं जुनी पेटी विकत आणली. भाता हलवला तसा कुबट चामड्याचा वास आला आणि मला उमरग्याची शाळा आठवली. तिथं व्यापाऱ्यांच्या सेवा मंडळानं एका उन्हाळ्यात पोरांसाठी फुकट गाण्याचा वर्ग चालवला होता. शेवटच्या दिवशी मंडळाच्या आणि घरच्या लोकांपुढं आम्हाला गायचं होतं.

मी गात असताना बाप उठला. पायताण काढून पुढं आला, पेटीवर एक रुपया ठेवला आणि हात जोडले. उरुसात कव्वालापुढं तो असाच रुपया ठेवायचा. त्याच्या लेखी तो मान होता.

मंडळाचे शेटजी म्हणाले, "अहो, हा काय तमाशा हाय? दौलतजादा कुणाला करताय?" लोक हसले.

"माझीच लेक हाय की," बाप म्हणाला.

त्यावर सगळे जास्तच हसले. बाप रुपया उचलून बाहेर गेला.

तेव्हा मला बापाची लाज वाटली आणि मी मान खाली घातली. आज त्या खाली घातलेल्या मानेची लाज वाटते.

परतताना बैलगाडीत त्यानं विचारलं, "पुढचं गाणं म्हणलीस का गं?"

"व्हय, सगळं म्हणलं," मी म्हणाले.

तो बाहेर गेल्यावर माझ्या तोंडातून शब्दही निघाला नव्हता.