येऊन गेलेला भूकंप

पारस गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात समास शिकवत होतो. हिमालयात मध्यम धक्का बसला, दरड कोसळली आणि भूकंपमापक यंत्रं तपासायला निघालेली त्याची जीप तिच्याखाली सापडली. पाच आठवडे झाले, माझा राग उतरत नाही. दरडीवर नाही, आपल्याच माणसांवर...

पारस जुन्या जालन्यातल्या कापड दुकानदाराचा मुलगा, माझा शाळेपासूनचा मित्र. दुकान सोडून डोंगर मोजायला गेला. एकदा सुट्टीवर आला असताना दुकानाचं शटर अडकलं. आम्ही दोघं रेटत होतो आणि हा मला शिकवत होता, "जोर लावून राह्यलो, शटर हलत न्हाई. मंग जोर गेला कुठं? पट्ट्या वाकल्या बघ, त्यात साठला. डोंगराखाली हेच. जमीन रेटून राह्यली, खडक अडकून बसलाय, शेकडो वर्षं. सुटंल तेव्हा एकदम." तेवढ्यात शटर सुटलं आणि साहेबांचा अंगठा सोलला!

त्याच डोंगरात जालनेकरांची एक धर्मशाळा आहे. तिच्यावर चौथा मजला चढवू नका, खांब पेलणार नाहीत, हे त्यानं विश्वस्तांना लेखी दिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. शोकसभा संपल्यावर त्यातलेच एक ज्येष्ठ विश्वस्त मला म्हणाले, "आता बिलकुल भीती न्हाई, सर. भूकंप येऊन गेला. कांजण्या येऊन गेल्या की परत येतात का? चौथा मजला पारसच्या नावानं बांधू. पाटीचा मजकूर तुम्ही द्या."

कांजण्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या धक्क्यानं साठलेला ताण चिमूटभर सुटतो, बाकीचा तसाच राहतो, हे सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याच मरणाचा दाखला देऊन हे लोक त्या छपराखाली लेकुरवाळ्या यात्रेकरूंना झोपवणार. हा निर्लज्जपणा आहे. आणि मी तिथं मान डोलावून आलो, याची लाज वेगळीच.

रात्रभर चडफडून सकाळी मजकूर लिहिला आणि पारसच्या वडिलांना, बाबूजींना दाखवला. 'या मजल्याला पारसनं लेखी विरोध केला होता. इथं मुक्काम करू नका.' त्यांनी दोनदा वाचला.

"खाली माझं नाव टाक," ते म्हणाले. "बापाचं."

पाटी कोरून झाली. विश्वस्तांनी अर्थातच घेतली नाही. तिकडं मजल्याच्या सळया उभ्या राहिल्या म्हणे. बाबूजींनी ती पाटी दुकानात, आपल्या बसायच्या जागेमागं लावली आहे. गिऱ्हाईक टेकलं की कापडाचा तागा उलगडायच्या आधी ते विचारतात, "यंदा यात्रेला जाऊन राह्यले का?" आणि हो म्हणणाऱ्याला ती मोठ्यानं वाचायला लावतात.