कटिंगच्या दिवशीची गोळी

त्या शिलाईच्या दुकानात कटिंग करायचे ते एकटे मास्तरच. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच छातीचं माप मनात धरायचे, आणि टेप लावल्यावर बोटभरही फरक निघायचा नाही. अशा माणसाच्या यकृतात गाठ निघाली, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेलेली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. समजावून सांगितलं, "या पेशींना आतून सारखा निरोप येत राहतो, वाढा, वाढा. गोळी तो निरोप वाटेतच अडवते. सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या पोटी. खंड पडला की निरोप पुन्हा चालू."

"आमच्या नणंदेलाही लिहून द्या एखादी," बायको म्हणाली. "तिचे निरोप काही केल्या थांबत नाहीत."

तिसऱ्या आठवड्यात गोळ्यांनी मास्तरांचे तळहात लालबुंद झाले, कातडी सोलून निघायला लागली. कात्रीचं कडं अंगठ्यावर टेकलं की डोळ्यांपुढे काजवे. एकदा कोटाचं कापड दोन सूत वाकडं कापलं गेलं. दुकानाचा मालक नुसता कापडाकडे बघत राहिला. ते बघणं मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, कटिंगचे, गोळी जिभेखाली धरायची, वर पाणी प्यायचं आणि तोंड धुताना नळाखाली थुंकून टाकायची. हात जरा निवले. बायको मात्र पहाटे गजर लावून उठायची, गोळी हातावर ठेवायची आणि ते गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मास्तर तिच्याकडे न बघता पाणी प्यायचे.

तीन महिन्यांनी तपासणीचे फोटो आले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "गाठ वाढलीय. गोळी लागू पडत नाही असं दिसतंय. ती बंद करू, दुसरं काहीतरी बघू. ते जरा जड जाईल. गोळ्या वेळेवर घेत होते ना?"

"एक चुकली असेल तर माझं नाव बदला," बायको म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "दोनदा मात्र मी चहाबरोबर दिली हो. उशीर झाला होता. त्यानंच वाढली का? माझ्यामुळे?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. गप्प बसले तर चालू औषध फुकट बंद होणार होतं, आणि ही जन्मभर त्या दोन चहांना धरून बसणार होती.

"मी थुंकत होतो," ते म्हणाले. "आठवड्यातले तीन दिवस. हात चालत नव्हते."

बायकोनं मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे तळहात उलटेपालटे करून बघितले. "मास्तर, हे मला सांगायचं होतंत. गोळी कमी करता येते, हाताला मलम असतं. आता कमी करून पुन्हा सुरू करू. पण हे तीन महिने काही परत यायचे नाहीत."

घरापर्यंत बायको चार पावलं पुढेच चालली. संध्याकाळी तिनं गोळी दिली. मास्तरांनी ती गिळली आणि न सांगताच तोंड उघडून, जीभ वर करून दाखवली.

तिनं बघितलंच नाही. त्यांचा हात मांडीवर घेऊन ती मलम चोळत बसली, अगदी हलक्या बोटांनी. तोंड कधी मिटायचं, ते मास्तरांना कळेना.